हिरवा रंग, पण कशाचा?

दसरा-दिवाळी जवळ आली की गावोगावी घरं रंगवायची लगबग सुरू होते. कुणाचं घरकुल नुकतंच बांधून झालेलं असतं, कुणाकडे लग्न ठरलेलं असतं. मग दुकानातून रंगांचं पुस्तक आणलं जातं आणि घरातल्या सगळ्या बाया त्याभोवती बसतात. त्यात हिरव्याच्या पानावर बोट हमखास थांबतं. हिरवा म्हणजे आपला शुभ रंग. चुडा हिरवा, ओटीचं लुगडं हिरवं, पावसानंतरचं रान हिरवं. हल्ली तर जाहिरातीत 'हिरवं घर' म्हणजे निसर्गाला धरून असलेलं घर, असाही अर्थ झाला आहे.

पण भिंतीवर हिरवा रंग दिला म्हणजे घर निसर्गाला धरून झालं का? आज आम्ही तुम्हाला या हिरव्या रंगाचा इतिहास सांगणार आहोत. हा इतिहास मुख्यतः युरोपातला आहे, दीडदोनशे वर्षांपूर्वीचा. पण त्यात लहान मुलं आहेत, कारखान्यात राबणाऱ्या मुली आहेत, आणि एकत्र येऊन प्रश्न विचारणाऱ्या बायाही आहेत. त्यामुळे तो ऐकताना परका वाटणार नाही.

आधी आपल्याकडचं थोडं बघू. आपल्या जुन्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, चुन्याच्या किंवा गेरूच्या. जमीन शेणाने सारवलेली. डहाणू-जव्हारकडच्या वारली बायांनी लग्नाचा चौक लिहिला तोही शेणा-गेरूच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने. या घरांत हिरवं असायचं ते जिवंत असायचं. दारात तुळस, चौकटीला आंब्याच्या पानांचं तोरण, कार्याला केळीचे खांब. पानं वाळली की उकिरड्यावर जायची आणि त्यांचं खत व्हायचं. भिंतीला लावायला टिकाऊ, स्वस्त आणि चमकदार हिरवा रंग मिळणं मुळातच अवघड होतं. पानांचा हिरवा रस कापडाला किंवा भिंतीला लावला तर थोड्याच दिवसांत पिवळा-तपकिरी पडतो, हे आपण सगळ्या जाणतो.

म्हणून जुने चित्रकार हिरवा रंग बनवायला निळ्यात पिवळा मिसळायचे. आपल्याकडच्या जुन्या लघुचित्रांत नीळ आणि हरताळ मिसळून केलेला हिरवा सापडतो. हरताळ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. एखादी गोष्ट पार पुसून टाकली की 'हरताळ फासला' असं आपण म्हणतो. पोथी लिहिताना चूक झाली तर लेखनिक त्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप द्यायचे, त्यावरून ही म्हण आली. हा हरताळ जमिनीतून निघणारा खनिज पदार्थ आहे आणि त्यात आर्सेनिक असतं. आपण ज्याला सोमल म्हणतो ते विषही आर्सेनिकाचंच. म्हणजे 'नैसर्गिक' आहे म्हणून निर्धोक आहे असं नाही, ही गोष्ट आपल्या जुन्या रंगपेटीतच लिहिलेली आहे. फरक इतकाच की हरताळ महाग होता, थोडा वापरला जायचा, आणि त्याने कुणी राहत्या खोल्या रंगवत नव्हतं.

आता युरोपाकडे वळू. 1775 च्या सुमारास स्वीडनमधल्या कार्ल विल्हेल्म शेले या औषधविक्या रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि आर्सेनिक यांच्या संयोगातून एक नवा हिरवा रंग तयार केला. त्याला त्याच्याच नावाने 'शेले ग्रीन' म्हणू लागले. हा रंग विषारी आहे हे शेलेला ठाऊक होतं. वापरणाऱ्यांना त्याची कल्पना दिली पाहिजे, असं त्याने आपल्या एका मित्राला कळवलंही होतं. पण रंग बाजारात गेला आणि ती सूचना मागेच राहिली. पुढे 1814 साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावी याच जातीचा आणखी उजळ आणि अधिक टिकाऊ रंग निघाला. त्याला कुणी 'एमराल्ड ग्रीन' म्हणजे पाचूसारखा हिरवा म्हणे, कुणी 'पॅरिस ग्रीन'.

हा रंग इतका का खपला? त्याला कारणं होती. गिरण्या-कारखान्यांमुळे इंग्लंडमधली माणसं गावं सोडून शहरात येत होती. धुराने काळवंडलेल्या गल्ल्यांत शेत दिसेना, झाड दिसेना. मग निदान खोलीत तरी पानंफुलं असावीत असं वाटणं साहजिक होतं. तिकडे भिंतीला रंगीत छापील कागद चिकटवायची पद्धत होती, त्याला वॉलपेपर म्हणतात. 1836 साली ब्रिटनमध्ये त्या कागदावरचा कर उठला. यंत्रावर छपाई होऊ लागली आणि जो कागद पूर्वी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात असायचा तो कामगाराच्या खोलीतही आला. त्यातच कॉर्नवॉल आणि डेव्हन भागात तांब्याच्या आणि कथलाच्या खाणी होत्या. तिथल्या भट्ट्यांत आर्सेनिक निघायचं, त्यामुळे ते स्वस्त मिळायचं. स्वस्त विष, स्वस्त कागद आणि हिरवळीची हौस या तिन्हींची गाठ पडली.

आणि हा रंग नुसता भिंतीवर थांबला नाही. तो झग्यांच्या कापडात गेला, खेळण्यांत गेला, मेणबत्त्यांत गेला, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर गेला. बायका केसांत माळायच्या कापडी फुलांच्या पानांवरही त्याची भुकटी मारली जाई.

ही फुलं कोण करायचं? लहान वयाच्या गरीब मुली. लंडनमधल्या अशाच एका कारखान्यात माटिल्डा शॉयरर नावाची 19 वर्षांची मुलगी काम करत होती. कापडी पानांवर हिरवी भुकटी चढवायचं तिचं काम. ती भुकटी हवेत उडायची, नाकातोंडात जायची, हाताला चिकटून जेवणात जायची. 1861 च्या नोव्हेंबरात ती गेली. शेवटच्या दिवसांत तिला हिरवी ओकारी होत होती, डोळ्यांचा पांढरा भाग हिरवट झाला होता, आणि जिकडे बघावं तिकडे हिरवंच दिसतं असं ती सांगत होती. अशा मुली यापूर्वीही आजारी पडल्या होत्या. त्यांच्या हातांना, चेहऱ्याला फोड यायचे. पण गरिबाच्या पोरीचं दुखणं कोण मोजणार?

ते मोजलं बायांच्या एका मंडळाने. 'लेडीज सॅनिटरी असोसिएशन' नावाचं हे मंडळ 1857 साली सुरू झालं होतं. स्वच्छता, बाळाची काळजी, आरोग्य यांबद्दल माहिती पत्रकं छापायची आणि घरोघर पोचवायची, हे त्यांचं काम. या मंडळातल्या बाया फुलांच्या कारखान्यांत जाऊन आल्या आणि मुलींची अवस्था त्यांनी लिहून काढली. मग मंडळाने त्या हिरव्या पानांचे नमुने तपासायला दिले. तपासणारे होते लंडनमध्ये काम करणारे नावाजलेले रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन. त्यांनी 1862 साली 'द टाइम्स' या वर्तमानपत्रात उत्तर छापलं. केसांत माळायच्या एका गजऱ्यात जेवढं आर्सेनिक होतं तेवढ्याने वीस माणसं दगावली असती.

मैत्रिणींनो, इथे आम्हाला थोडं थांबावंसं वाटतं. या बाया डॉक्टर नव्हत्या, सरकारी अधिकारी नव्हत्या. त्यांना त्या काळी मतदानाचा हक्कही नव्हता. त्यांनी केलं ते इतकंच: जाऊन पाहिलं, लिहून ठेवलं, आणि जाणकाराला विचारलं. आपल्या गटांच्या बैठकीत आपण जे करू शकतो तेच.

त्याच वर्षी लंडनच्या लाइमहाउस या कामगार वस्तीत एकाच घरातली चार मुलं थोड्या दिवसांच्या अंतराने एकामागून एक गेली. आधी घटसर्पाचा संशय आला. डॉक्टर थॉमस ऑर्टन यांनी घर तपासलं, तेव्हा मुलांच्या खोलीतल्या हिरव्या कागदाकडे त्यांचं लक्ष गेलं. तपासणीत त्या कागदात आर्सेनिक सापडलं. तरीही चौकशीच्या पंचांनी निकाल दिला की मृत्यू नैसर्गिक कारणाने झाला. कागद बनवणारे म्हणत राहिले की भिंत चाटल्याशिवाय काही होत नाही.

भिंत न चाटताही विष कसं येतं? एक वाट सरळ आहे. कागद जुना झाला की रंगाची पूड सुटते. ती धूळ होऊन अंथरुणावर, भांड्यांवर, रांगणाऱ्या बाळाच्या हातावर बसते. दुसरी वाट इटलीतल्या बार्तोलोमेओ गोसिओ या डॉक्टरने 1890 नंतरच्या काळात दाखवली. ओल धरलेल्या भिंतीवर कागदाच्या खळीला बुरशी येते. ती बुरशी त्या रंगातल्या आर्सेनिकपासून लसणासारख्या वासाचा वायू तयार करते. या वायूने माणसं किती आजारी पडली असतील याबद्दल नंतरच्या शास्त्रज्ञांत मतभेद झाले. पण धुळीबद्दल मतभेद नाहीत.

आता एक गमतीची आणि वाईट वाटावी अशी गोष्ट. विल्यम मॉरिस हे नाव घरसजावटीच्या इतिहासात फार मोठं आहे. वेली, पानं, पक्षी यांची त्याने काढलेली नक्षी आजही जगभर विकली जाते. कारखान्याच्या मालापेक्षा हाताने केलेली सुंदर वस्तू घरात असावी, असं तो सांगायचा. पुढे निळीसारख्या वनस्पतींच्या रंगांत त्याने स्वतः हात घालून काम केलं. पण त्याच्या सुरुवातीच्या कागदांतल्या हिरव्या पानांत आर्सेनिक होतं. 2003 साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठातल्या अँडी मेहार्ग यांनी जुना नमुना तपासून ते दाखवून दिलं. शिवाय डेव्हनमधल्या ज्या खाणीतून तांबं आणि आर्सेनिक निघायचं तिच्यात मॉरिसच्या घराण्याचे समभाग होते आणि काही वर्षं तो तिच्या संचालकांतही होता. 1875 नंतर त्याच्या कागदांतून आर्सेनिक गेलं, ते गिऱ्हाइकांच्या धास्तीमुळे. तरी 1885 साली लिहिलेल्या एका पत्रात ही सगळी भीती म्हणजे डॉक्टरांचं खूळ आहे, असंच त्याचं म्हणणं होतं. निसर्गावर प्रेम करणारा माणूसही आपल्या रंगात काय आहे हे विचारायचं टाळू शकतो, हे यातून दिसतं.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शेतकी महाविद्यालयाचे प्राध्यापक रॉबर्ट केडझी यांनी लोकांना जागं करायला वेगळाच उपाय केला. 1874 साली त्यांनी विषारी कागदांचे 86 नमुने एकत्र शिवून पुस्तक बांधलं आणि त्याच्या 100 प्रती राज्यातल्या वाचनालयांना पाठवल्या. लोकांनी आपल्या भिंती त्याच्याशी ताडून बघाव्यात हा हेतू. पण ते पुस्तकच विषाने भरलेलं. पुढे बऱ्याच वाचनालयांनी ते नष्ट केलं. आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती उरल्या आहेत, त्याही बंदोबस्तात.

आणि याच सुमारास त्याच देशात शेतकरी पॅरिस ग्रीन बटाट्यावरच्या किडीसाठी फवारू लागले होते. पुढे मलेरियाच्या डासांच्या अळ्या मारायलाही पाण्यावर तेच शिंपडलं गेलं. एका दुकानात जे कीटकनाशक म्हणून विकलं जात होतं तेच दुसऱ्या दुकानात बाळाच्या खोलीचा रंग म्हणून विकलं जात होतं.

शेवटी हा रंग घरातून गेला कसा? स्वीडनमध्ये आणि जर्मनीत सरकारने बंधनं घातली. ब्रिटनमध्ये मात्र भिंतीच्या कागदासाठी वेगळा कायदा झालाच नाही. तिथे तो गेला तो गिऱ्हाइकांनी विचारायला सुरुवात केल्यामुळे. घर चालवणाऱ्या बाया दुकानात विचारू लागल्या, यात आर्सेनिक आहे का? मग कारखानदारच 'आर्सेनिक नसलेला कागद' अशी जाहिरात करू लागले.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण हिरव्या रंगाला पुढे दुसरं विष चिकटलं, ते शिशाचं. शिसं आणि क्रोमियम यांपासून झळझळीत पिवळा रंग तयार होतो. त्यात निळा मिसळला की हिरवा. दारं-खिडक्यांच्या ऑइल पेंटमध्ये हे रंग अनेक देशांत वर्षानुवर्षं वापरले गेले. पांढरा रंगही शिशाचाच असायचा.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात जॉन लॉकहार्ट गिब्सन हे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे येणाऱ्या काही मुलांची नजर जात होती, हातपाय लुळे पडत होते. 1904 साली त्यांनी कारण सांगितलं. उन्हाने घरांच्या ओसरीच्या कठड्यावरचा रंग पूड होऊन सुटत होता. मुलं तिथे खेळायची, आणि तेच हात तोंडात घालायची. त्या प्रांतात मुलांचा हात पोचेल अशा जागी शिशाचा रंग लावण्यावर 1922 साली बंदी आली. त्याच्या आदल्याच वर्षी, 1921 साली, जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत घराच्या आतल्या रंगात पांढरं शिसं वापरू नये असा करार झाला होता. अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर बंदी घातली ती 1978 साली.

आणि आपल्या देशात? घरगुती रंगांत शिसं किती असावं याचे नियम 2016 साली निघाले आणि 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे 90 भाग, त्याहून जास्त चालत नाही, आणि तसं डब्यावर छापावं लागतं. म्हणजे मैत्रिणींनो, त्याआधी रंगवलेली जी दारं, खिडक्या, पाळणे, कपाटं आपल्या घरात आहेत त्यांच्यावर शिशाचा रंग असू शकतो. शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. त्याचं ठरावीक असं दुखणं लवकर दिसत नाही. मूल नुसतं मंद होतं, चिडचिडं होतं, अभ्यासात मागे पडतं, आणि आपण त्यालाच बोल लावतो. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळापर्यंतही शिसं पोचतं.

म्हणून या इतिहासातून घ्यायच्या चार गोष्टी सांगतो. गटाच्या बैठकीत त्या वाचून दाखवा.

पहिली. रंग घेताना छटा बघायच्या आधी डबा बघा. शिशाबद्दलची ओळ छापलेली आहे का ते वाचा, वाचता येत नसेल तर मुलीला वाचायला लावा. नाव नसलेला, सुटा, स्वस्त ऑइल पेंट घेऊ नका. रंगाऱ्यालाही सांगून ठेवा, कारण त्या धुळीत दिवसभर तोच असतो.

दुसरी. जुना रंग कोरडा घासू नका. पॉलिश पेपर वापरायचाच तर पृष्ठभाग ओला करून वापरा. खरडलेलं ओल्या फडक्याने गोळा करा, झाडूने उडवू नका. त्या वेळी लहान मुलं आणि पोटुशा बायांना त्या घरात ठेवू नका.

तिसरी. जुन्या रंगवलेल्या चौकटी, फळ्या चुलीत किंवा बंबात घालू नका. सरपण फुकट मिळालं असं वाटतं, पण रंगातलं शिसं धुरात आणि राखेत येतं. त्या राखेने मग आपण भांडी घासतो.

चौथी. साधं ते विसरू नका. चुन्याची सफेदी स्वस्त आहे, भिंतीतली ओल बाहेर जाऊ देते, आणि तिच्यावर बुरशी सहजी धरत नाही. चुना विरताना मात्र डोळे सांभाळा आणि पोरांना लांब ठेवा. शेणापासून केलेला तयार रंगही आता मिळतो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तो जानेवारी 2021 मध्ये बाजारात आणला. सारवणही चांगलं, पण बाळंतिणीच्या खोलीत आणि जखम असलेल्या माणसाजवळ ताजं शेण नको, कारण त्यात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. हरताळाचं आपण पाहिलंच. निसर्गातलं म्हणून डोळे झाकून घ्यायचं नसतं.

आणि हिरवा हवाच असेल तर जरूर द्या. आज निर्धोक हिरवे रंग मिळतात. पण दारातली तुळस, परसातली केळ, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं अळू, मांडवावर चढलेला घेवडा, हेही घराचं हिरवेपण आहे. ते सावली देतं आणि भाजीही देतं.

हिरव्या रंगाचा इतिहास वाचताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसली. प्रत्येक वेळी धोका आधी कळला तो रंगाजवळ राबणाऱ्या मुलींच्या आणि रांगणाऱ्या लेकरांच्या अंगावर. शेलेला ठाऊक होतं, खाणमालकांना ठाऊक असायला हवं होतं, तरी बदल झाला तो 'हे कशाचं आहे?' असं विचारणारे लोक वाढले तेव्हा. हा प्रश्न दुकानदाराला विचारायला पैसे लागत नाहीत, शिक्षणही लागत नाही. एकटीला संकोच वाटला तर चौघी मिळून जा.

तुमच्या गावात जुन्या काळी भिंतींना कोणती माती, कोणता रंग लावत, तो कुठून आणत, हे थोरल्या बायांना विचारून आम्हाला कळवा. पुढच्या एखाद्या भागात आपण तो इतिहासही सगळ्यांना ऐकवू. नमस्कार.